यंदा बर्फ पडणार

ऑकलंडमध्ये बर्फ पडत नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना हे कुणी सांगितलेलं खपायचं नाही. जून उजाडला की ते ओट्यावर उभे राहायचे, दोनदा नाक ओढून हवेचा वास घ्यायचे आणि म्हणायचे, "यंदा बर्फ पडणार." मी त्यांच्या घरात पाच हिवाळे काढले. पाचही वेळा पाऊस पडला, नुसता पाऊस, कपडे आठवडाभर वाळत नाहीत असला. पण पुढच्या जूनला त्यांचा 'यंदा' पुन्हा कोरा करकरीत.

ते माझे घरमालक. हेन्डरसनला त्यांचं घर, वर ते एकटे आणि खाली भाड्यानं मी. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. कोकणातून एका वर्कशॉपात, तिथून जहाजावर, आणि मग परीक्षा देत देत चीफ इंजिनिअर, असा त्यांचा प्रवास, म्हणून इथली मराठी मंडळी त्यांना चीफ म्हणायची. मी काका म्हणायचे. ते मला नावानं कधीच हाक मारत नसत. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी "कुठली?" असं विचारलं, मी "माण तालुका" म्हणाले, आणि त्या घटकेपासून मी माणदेश झाले. "काय माणदेश, आलं टाकलंस का चहात?" पोस्टाची पाकिटं सोडली तर त्या घरात माझं नाव कुठं उमटलंच नाही.

माझंही सांगते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, विचारलं नाही तरी. सिव्हिल इंजिनिअर आहे. फ्लॅट बुशकडं नवी घरं उठतात, त्यांच्या छपरांवरचं आणि रस्त्यांवरचं पावसाचं पाणी कुठून कुठं न्यायचं, याची आखणी मी माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात बसून करते. सरळ सांगायचं तर गटारं. टँकरची वाट बघत मोठ्या झालेल्या पोरीला पाणी घालवून देण्याचा पगार मिळतो, याचं माझ्या आईला अजून हसू येतं.

तर काकांची बोट. चोवीस फुटी, लाकडी, पांढऱ्या अंगावर हिरवा पट्टा. घरापासून पंधरा मिनिटांवर मरीनात, म्हणजे बोटींच्या तळावर, बांधलेली असायची. हिवाळ्यात पुष्कळ लोक बोटी क्रेननं उचलून जमिनीवर ठेवतात, बुड खरवडतात, रंग देतात. काकांनाही वर्षाकाठी दोन दिवस ते करावंच लागायचं, पण ते दोन दिवस ते जेवत नसत. "किनाऱ्यावर चढवलेली बोट म्हणजे खाटेवर पडलेला माणूस," म्हणायचे. "सुकतो, भेगा पडतात, मग तो परत उठत नाही." लहानपणी वडिलांची होडी पावसाळ्यासाठी वर ओढलेली, झावळ्यांखाली झाकलेली त्यांनी बघितली होती. वडील आजारी पडले, होडी त्या वर्षी उतरली नाही, पुढच्याही नाही. मग तिची लाकडं कुठं गेली ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

जहाज सोडल्यावर ते नॉर्वेत वरच्या अंगाला एका बंदरात नोकरीला होते. तिथं बारा हिवाळे त्यांनी एक बोट पाण्यातच ठेवली होती. समुद्र कडेनं गोठायचा, दोर लोखंडासारखे व्हायचे, सकाळी फावड्यानं डेकवरचं बर्फ ओढून मग कामावर. ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी फुशारकी. चीफ झाल्याचं सांगणार नाहीत, पण बारा हिवाळ्यांत बोट एकदाही वर काढली नाही हे डेअरीवाल्यालासुद्धा दूध घेता घेता सांगायचे. आणि तिथं जे जे केलं ते सगळं ते ऑकलंडमध्येही करायचे. बोटीच्या नळांना लोकरीच्या पट्ट्या गुंडाळायच्या. इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून अँटीफ्रीझ. केबिनमध्ये कोपऱ्यात एक दिवा, ऊब राहावी म्हणून. बर्फ घसरून जावं म्हणून वरून तंबूसारखी उतरती ताडपत्री. आणि सर्वांवर कडी म्हणजे पाण्याखालून बुडबुडे सोडणारं एक यंत्र. बुडबुड्यांनी खालचं उबदार पाणी वर येतं आणि बोटीभोवती बर्फ धरत नाही, असं त्यामागचं शास्त्र. ऑकलंडच्या पाण्यात बर्फ कुठनं धरणार? मासे मात्र जमायचे. शेजारच्या बोटीवर एक निवृत्त बसड्रायव्हर राहायचे, माओरी, सहा फूट उंच, बाराही महिने पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. ते त्या बुडबुड्यांत गळ टाकून बसायचे.

"किया ओरा चीफ! एनी स्नो येट?" ते रोज विचारायचे.

"कमिंग, कमिंग," काका म्हणायचे.

"नो रश, ब्रो. फिश आर हॅपी."

आता एवढं सगळं करून हिवाळाभर बोट पाण्यात ठेवली, तर फिरवावी की नाही? नाही. जून ते ऑगस्ट बोट जेट्टीपासून वीतभरही हलायची नाही. कारण त्यांच्या आईचा नियम: नारळी पौर्णिमेच्या आधी दर्यात जायचं नाही. कोकणात तेव्हा खवळलेला समुद्र असतो, इथं तेव्हा हिवाळा असतो, महिने मात्र तेच. म्हणजे नॉर्वेच्या नियमानं बोट पाण्यातून काढायची नाही आणि कोकणच्या नियमानं सोडायची नाही. मी एकदा म्हणाले, "काका, हे म्हणजे हॉस्टेलची फी भरायची आणि कॉलेजला जायचं नाही."

"तू कॉलेजचं कौतुक सांगू नकोस. तुझी पदवी भिंतीवर आहे, माझी पाण्यात आहे."

असं टोचून बोलायचे. पण माझा पदवीदानाचा फोटो मी पेटीत ठेवला होता, तो त्यांनीच चौकट करून भिंतीवर लावला होता. आणि घरी कुणी आलं की मी खालून ऐकायचे, "खाली इंजिनिअर राहते आमची. आई शेतमजूर. कळलं का?"

पाचव्या हिवाळ्याच्या तोंडावर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यांची मुलगी फ्लॅट बुशला राहायची, फार्मसिस्ट होती. मी तिला ताई म्हणायचे. दर रविवारी मोटरवे तुडवत डबे घेऊन यायची. तिचा त्या बोटीवर राग होता आणि त्याला कारणही होतं. बहात्तर वर्षांचा माणूस ओल्या फळ्यांवरून एकटा उड्या मारतो, फोन उचलत नाही, आणि विचारलं तर म्हणतो, दर्या कुणाला खात नाही. ऑपरेशनच्या आधी तिनं स्वयंपाकघरात उभं राहून स्पष्ट सांगितलं, "बाबा, तीन महिने बोटीवर पाय ठेवायचा नाही. आणि ह्या हिवाळ्यात बोटीचं काही म्हणजे काहीही झालं, तर विकायची. कबूल?"

काकांनी टेबलावरचा पाण्याचा पेला एकदा गोल फिरवला. "कबूल."

"कोण बघणार तिच्याकडं?"

"माणदेश बघेल," काका म्हणाले. मला विचारलंही नाही.

मला पोहता येत नाही. आमच्या गावात पोहायला लागेल एवढं पाणी एका जागी जमायचंच नाही. पण नाही म्हणाले नाही. हे माझं पहिलं गप्प बसणं.

त्यांनी मला सतरा कामांची यादी दिली. जाड मार्करनं, मराठीत, आकडे घालून. जूनच्या पहिल्या शनिवारी मी लाइफ जॅकेट घालून बोटीवर चढले आणि फोन समोर धरला. पलीकडं हॉस्पिटलच्या खाटेवर काका, उशीला टेकून, जणू जहाजाच्या इंजिन रूममध्ये उभे आहेत अशा आवेशात.

"चौदा नंबर वाच."

"मागच्या बैठकीचा निचऱ्याचा नळ बंद करणे."

बोटीच्या मागच्या भागात बसायला खोलगट जागा असते, घरातल्या हौदाएवढी. तिच्यात पडलेलं पाणी खालच्या नळीतून आपोआप बाहेर समुद्रात जातं. तो नळ बंद करायचा होता. मी थांबले. माझं रोजचं कामच हे, आठ तास मी एकच प्रश्न विचारत असते, पाण्याला जायला वाट कुठं आहे?

"काका, हा बंद केला तर पाऊस...?"

"वर ताडपत्री आहे. नळीत पाणी राहिलं तर गोठतं, नळी फुटते, बोट तळाला जाते. माझ्या डोळ्यांसमोर गेलीय एक. तू गटारं बघ, बोट मी बघतो."

मला सांगायचं होतं की इथं गोठत नाही, आणि ताडपत्री फाटली तर हा हौद आहे. समोर वडीलधारा माणूस, आदल्या दिवशी गुडघा कापलेला, वरून घरमालक. मी नळ फिरवला. गच्च बसला. हे दुसरं.

मग दर शनिवारी अकरा वाजता आमची पाहणी चालायची. पाणी कसं आपटतंय ते त्यांना ऐकू यावं म्हणून मी फोन बोटीच्या अंगाला लावायचा. पाण्यात हात घालून किती गार ते सांगायचं. "गार म्हणजे कसं? रांजणातलं का विहिरीतलं?" मी विहिरीतलं म्हणाले की खूश. "येतंय, येतंय. थंडी धरतेय." शेजारचे बसड्रायव्हर हे बघून मान हलवायचे आणि गळाला लागलेला एखादा मासा मला पिशवीत घालून द्यायचे. काका हॉस्पिटलमधून घरी आले, वॉकर घेऊन चालायला लागले. जुलै निम्मा झाला. यादीला यादीसारखं सगळं चालू होतं.

मग एका शुक्रवारी वादळ झालं. दिवसभर पाऊस आडवा मारत होता. शनिवारी सकाळी मरीनात पोचले तर बोटीची मान वर आणि बूड खाली. ताडपत्री एका बाजूनं फाटून झेंड्यासारखी फडफडत होती. मागची खोलगट जागा काठोकाठ भरलेली. केबिनच्या दाराच्या उंबऱ्यावरून पाणी आत गळत होतं, आत पंप होता तो रात्रभर चालून बॅटरी संपवून गप्प पडला होता.

"मॉर्निंग," बसड्रायव्हर म्हणाले. बादली घेऊन तेही नुकतेच येऊन उभे होते. "युअर बाथटब इज फुल."

मी आधी नळाकडं गेले. तो खालच्या कप्प्यात, आणि कप्प्याचं झाकण पाण्याखाली, वर पाण्याचं ओझं. उघडेना. बादलीनं दोघं काढत होतो, पण बोट इतकी खाली बसली होती की एकेक लाट मागून आत डोकावत होती. म्हटलं, संपलं. बोट इथंच बुडणार, ताई विकणार तरी काय, आणि काकांना सांगायचं कुणी? आणि मग जेट्टीवर गुंडाळून ठेवलेली हिरवी बागेची नळी दिसली.

आमच्याकडं टँकर आला की वरच्या टाकीत पाणी भरून घ्यायचं आणि तिथनं नळीनं एकेक पिंप भरायचं. पंप नाही, वीज नाही. नळीचं एक टोक टाकीत बुडवायचं, दुसऱ्याला तोंड लावून ओढायचं, पाणी ओठाला लागलं की अंगठा दाबायचा आणि टोक खाली सोडायचं. थेंब सांडला तर आई पाठीत धपाटा घालायची. मी सहा वर्षांची असल्यापासून हे करत आलेय. पुढं कॉलेजात त्याचं सूत्र शिकवलं तेव्हा मला कळलं की माझी आई सूत्राशिवाय इंजिनिअर आहे.

बैठकीतलं पाणी अजून समुद्रापेक्षा चांगलं वीतभर वर होतं, तेवढं मला पुरेसं होतं. नळीचे चार तुकडे केले. एकेक ओढलं. तोंडात पावसाचं पाणी, जुना रंग आणि काय काय. चारी टोकं बाहेर समुद्रात सोडली आणि पाणी आपल्या पायानं जायला लागलं. बसड्रायव्हर बादली खाली ठेवून बघत राहिले.

"व्हेअर डिड यू लर्न दॅट?"

"ॲट होम," मी म्हणाले. "वी हॅड नो वॉटर."

ते इतके हसले की त्यांचं एक जँडल पाण्यात पडलं.

बोट उचलली जात होती, बोट बोट वर. कप्पा मोकळा झाल्यावर मी आत हात घालून नळ उघडला आणि उरलेलं भसकन गेलं. तेवढ्यात अकरा वाजले. फोन वाजला.

"माणदेश, कॅमेरा तुझ्या तोंडाकडं का धरलाय? बोटीकडं धर."

मी धरला. फाटकी ताडपत्री, चार नळ्या, तरंगणाऱ्या उशा.

"काका, बोट ठीक आहे. पण हे नळामुळं झालं. तो उघडा असता तर ताडपत्री फाटूनही काही झालं नसतं. मला जूनमध्येच कळलं होतं."

"कळलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चीफ."

"मी चीफ!" ते एवढ्यानं ओरडले की जेट्टीवरचे पक्षी उडाले. "जहाजावर पोऱ्यासुद्धा चीफला सांगायचा, साहेब, इथं गळतंय. पदवी काय चौकटीत घालायला आणलीस? बोलायला लाज वाटत असेल तर उतरव ती भिंतीवरनं!"

त्यांनी फोन बंद केला. मी ओल्या बोटीवर बसून रडले, खोटं कशाला सांगू. त्यांचं बरोबर होतं म्हणून रडले.

रविवारी ताई आली. मी वर गेले तेव्हा भाकरी, वांग्याची भाजी असं टेबलावर मांडलं होतं आणि काका वॉकर बाजूला ठेवून बसले होते. ताईनं माझ्याकडं बघून विचारलं, "वादळात बोट ठीक राहिली ना गं?"

माझं तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "बुडत होती. माझ्या अकलेनं. हिच्या अकलेनं वाचली." आणि सगळं सांगितलं, नळासकट, एक शब्द गाळला नाही. मग म्हणाले, "ठरलं होतं. विक."

भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. नुसता ताटात फिरवत राहिले. पाच वर्षांत त्या माणसाला घासाघीस न करता हार मानताना मी पहिल्यांदा बघत होते. त्यांच्यापेक्षा मलाच ते सोसेना.

"ताई, विकू नका," मी म्हणाले.

"ठरलं होतं, ते स्वतःच म्हणतायत."

"बोटीत काही दोष नाही. यादीतल्या एका ओळीत दोष होता. आणि मी तो बघून गप्प बसले, म्हणजे निम्मा माझा. बोट विकून यादी सुधारणार आहे का? उद्या हे घराच्या छपराला बर्फासाठी काहीतरी करतील, मग काय घर विकणार?"

ताईनं डाव खाली ठेवला. "अगं, मला बोट विकायची हौस आहे का? मी लांब राहते. इथं ह्यांना नाही म्हणणारं एक माणूस नाही. आई म्हणायची, ती गेली. तू म्हणशील?"

"म्हणेन."

"मग आत्ता म्हण. माझ्यासमोर."

मी काकांकडं वळले.

"काका, ऑकलंडमध्ये बर्फ पडणार नाही."

त्यांचा जबडा हलला.

"यंदा," काका म्हणाले.

ताई हसायला लागली ती थांबेना, आणि मग तेही. त्याच टेबलावर नवा करार झाला: बोट राहील, पण हिवाळ्यात तिच्याबद्दल शेवटचा शब्द माझा. मला विचारल्याशिवाय नळाला हात लावायचा नाही. काकांनी यादी मागवली आणि चौदा नंबरावर स्वतःच्या हातानं काट मारली. खाली लिहिलं, "इंजिनिअरला विचारणे."

नारळी पौर्णिमेला डॉक्टरांनी परवानगी दिली. काका काठी टेकत जेट्टीवर आले, अंगात सदरा, सदऱ्यावर पिवळा रेनकोट. नारळ वाहणार म्हणताना बसड्रायव्हर म्हणाले, कुणाच्या बोटीच्या पंख्यात अडकला तर भांडण होईल. मग काकांनी नारळ पाण्याला टेकवून तीनदा नमस्कार केला, दगडावर फोडला आणि एक कवड त्यांच्या हातात दिली. त्यांनी दातानं खोबरं ओरबाडलं. "स्वीट ॲज," म्हणाले, म्हणजे इथल्या भाषेत झकास. दोर सोडायला काका खाली वाकले, गुडघ्यानं नकार दिला. "माणदेश, सोड." मी सोडला. अडीच महिन्यांनी बोट हलली, आणि मी, पोहता न येणारी, पुढं उभी राहिले.

त्यानंतर वर्षभरात ताईला देशाच्या दक्षिण टोकाकडच्या डोंगराळ भागात, एका हॉस्पिटलात नोकरी लागली. हेन्डरसनचं घर गेलं, मी माउंट वेलिंग्टनजवळ राहायला आले. बोट ट्रकवर बसून तिकडच्या एका सरोवरात गेली. काका ट्रकच्या पुढे ताईच्या गाडीत, सहाशे वेळा मागे वळून.

परवा सकाळी ऑफिसात फोन आला. व्हिडिओ. काका माकडटोपीत, नाक लाल, मागं डोंगर अगदी माथ्यापासून पायापर्यंत पांढरे. जेट्टीच्या फळ्या पांढऱ्या. बोटीभोवती पाण्यावर काचेसारखा पातळ थर, आणि मधोमध बुडबुड्यांनी राखलेलं गोल मोकळं पाणी. त्यांनी काठीनं कडेच्या थरावर टकटक करून दाखवलं. आवाज आला.

"ऐकलंस?"

"ऐकलं, काका."

"म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतं."

मला वाटलं, आता तासभर नॉर्वे ऐकावं लागणार. पण त्यांनी कॅमेरा खाली वळवला, मागच्या बैठकीकडं, कप्प्याच्या उघड्या झाकणाकडं. नळावर त्यांचा हातमोजा घातलेला हात होता. फिरवला नव्हता, नुसता ठेवला होता.

"आज उणे चारपर्यंत जाणार म्हणतात. नळ उघडा आहे. तुझ्या शब्दाशिवाय हात लावायचा नाही असं ठरलंय म्हणून फोन केला. काय करू, माणदेश?"

मी संगणकावर तिथलं आठवड्याचं हवामान काढलं. उणे चार, उणे दोन, उणे पाच. पाऊस नाही. ताडपत्री नवी आहे का ते विचारलं, चारी कोपरे दाखवायला लावले. त्यांनी मुकाट दाखवले. माझ्या शेजारच्या टेबलावरची माणसं बघत होती.

"बंद करा," मी म्हणाले.

त्यांनी नळ फिरवला, झाकण लावलं, माकडटोपी वर सरकवली.

"बघ," ते म्हणाले, "शिकलं की कळतं."